ताईच्या कलिंगडांची वई

नव्वदच्या दशकात पेणहून रोह्याला माझं वरचेवर जाणं व्हायचं. एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून काम करत होतो, आणि रोह्याच्या खालच्या अंगाला, खाडीकडच्या एका गावात माझी मोठी बहीण दिलेली होती. जाता-येता कुंपणं पाहायची सवय बातम्यांमुळे लागली. जमिनीच्या बहुतेक तक्रारी कुंपणापाशीच सुरू होत.

कारखान्यांच्या भिंती उंच, डोक्यावर तार असलेल्या. त्या आतला माल राखत आणि बाहेर कामाच्या आशेनं उभ्या असलेल्या माणसांची रांगही सरळ ठेवत. मिठागरांना कुंपण नसे. गुडघाभर बांध असे, तो पाणी अडवायचा, माणसाला नाही. नागोठण्याच्या पुढे रेल्वेनं रुळांच्या कडेनं नुसते दगडी खुंट रोवले होते. हद्द इथं आहे, एवढं सांगणं हेच त्यांचं काम. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांपुढे उन्हात सुकत ठेवलेल्या मूर्तींभोवती झापांचे आडोसे असत, कारण ओल्या मातीवर कोंबडी चालून गेली तर सबंध पाट वाया जाई. गावातल्या परसांना शेराचं नाहीतर मोगली एरंडाचं कुंपण. दोन्हींना चीक असतो, त्यामुळे शेळ्या तोंड लावत नाहीत.

याच वर्षांत एक नवं कुंपण दिसू लागलं. सिमेंटचे खांब, काटेरी तार, लोखंडी गेट आणि गेटवर पाटी. आत घर बऱ्याचदा नसेच. गवत असे. त्या कुंपणाला राखायला पीक नव्हतं, जनावर नव्हतं, माणूसही नव्हता. ते फक्त जागा राखत होतं.

ताईच्या शेताला असं कुंपण पडायचं ठरत आलं होतं.

भावोजी नागोठण्याजवळच्या एका कंपनीत कंत्राटी कामावर होते. शिफ्ट सांभाळून पावसाळ्यात भात लावायचं, दिवाळीच्या सुमारास कापायचं, आणि मग पुढचा पावसाळा येईपर्यंत शेताकडे फिरकायचं नाही, असं चालायचं. मुंबईच्या एका गृहस्थांनी जागा पाहिली होती. खाडीचा वारा, रस्ता जवळ, गोड्या पाण्याची विहीर. गुढीपाडव्यानंतर व्यवहार करू, असं बोलणं झालं. भावोजींना घराचं छप्पर बदलायचं होतं आणि शेत एकपिकीच आहे, असं त्यांचं म्हणणं. ताईचं म्हणणं असं की शेत एकपिकी नाही, आपण त्याला एकपिकी ठेवलं आहे. विहिरीवर कलिंगड होईल.

जमीन सासूच्या नावावर होती, त्यामुळे निकाल सासूनं द्यायचा होता. तिनं दोघांचं ऐकून घेतलं आणि ताईला सांगितलं, की पाडव्यापर्यंत पीक दाखव. पीक आलं तर जागा राहील, नाही आलं तर ते साहेब येतील तेव्हा मी अंगठा देईन आणि तू मधे बोलायचं नाहीस. ताईनं कबूल केलं.

अडचण पाण्याची नव्हती, गुरांची होती. त्या गावात भात कापून झालं की सगळं शिवार मोकळं. ज्याची त्याची गुरं दावं सोडून दिली जात आणि ती पावसाळ्यापर्यंत उनाड हिंडत. कुणाच्या शेतात कुणाचं जनावर शिरलं, हा प्रश्न त्या महिन्यांत नसेच, कारण राखायला शेतात काही नसे. ताई पहिल्यांदाच काहीतरी राखायला ठेवणार होती. सासू म्हणाली, "गुरांना सातबारा वाचता येत नाय गो."

म्हणून वई, म्हणजे काट्यांचं कुंपण, घालायची ठरली. तारेचा प्रश्नच नव्हता. ती परवडत नव्हती, आणि ताईला ती नकोही होती. करवंदी आणि चिल्हारीचे काटे डोंगराच्या उतारावर फुकट होते. रविवारी आणि सुटीच्या दिवशी मी मदतीला जात असे. काटे कोयत्यानं तोडायचे, दुबेळक्या, टोकाला दोन फाटे असलेल्या काठीनं उचलायचे, पायाखाली दाबून भारा बांधायचा आणि डोक्यावर चुंबळ ठेवून खाली आणायचा. शेताच्या कडेनं मेढी रोवायच्या, मेढींना बांबूच्या आडव्या काठ्या बांधायच्या आणि त्यांच्यामध्ये काटे असे दडपायचे की बुंधे आत आणि शेंडे बाहेर राहतील. उलटं घातलं तर वई आपल्यालाच ओरबाडते. पहिल्या दिवशी आम्ही बरीचशी उलटी घातली होती. सासूनं ती उसवून घेतली आणि घालणाऱ्याच्या माहेराचा उद्धार केला. माहेर आम्हा दोघांचं एकच असल्यामुळे मीही ऐकून घेतलं.

वई पूर्ण झाली. आत ताईनं आळी खणली, शेणखत घातलं, बिया टोचल्या. वेल सुटले. गुरं येऊन वईला हुंगून गेली. भावोजी शिफ्टवरून येता-येता सायकल थांबवून बघत आणि घरी जात.

मग एके सकाळी खाडीकडच्या बाजूला वई फाकलेली दिसली. आत बैलाचे खूर होते आणि कोपऱ्यातली आळी तुडवलेली होती. ताईनं वई नीट केली. दुसऱ्या सकाळी तीच जागा पुन्हा फाकलेली. काटे दुप्पट घातले, तरी तेच. भावोजींना वाटलं, कुणीतरी मुद्दाम करतंय. त्यांनी एक-दोन नावंही घेतली. ताईनं कुणालाच काही विचारलं नाही. ती पहाट फुटल्यावर जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसली.

तिनं जे पाहिलं ते असं. भरती उतरली तशा गावातल्या बाया टोपल्या घेऊन खाडीकडे निघाल्या. निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला जाण्याची त्यांची वाट ताईच्या शेतातूनच जात होती. शेत मोकळं होतं तेव्हा ती वाट कुणाच्या लक्षातही येत नव्हती. वई घातली गेली तेव्हाही बायांनी वाट बदलली नाही. पुढच्या बाईनं काठीनं काटे उचलून धरले, बाकीच्या वाकून आत शिरल्या, पलीकडे खाडीच्या बाजूनं तशाच काटे उचलून बाहेर पडल्या आणि गेल्या. काटे पुन्हा खाली पडले, पण आधीसारखे नाही. थोड्या वेळानं बैल आले आणि त्यांनी ती फट शिंगानं मोठी केली.

ताई दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे उभी राहिली. हा प्रसंग ती स्वतः रंगवून सांगते, आणि तिच्याकडून मी तो इतक्यांदा ऐकला आहे की त्यातले शब्द पाठ झालेत. सगळ्यांच्या पुढे असायची ती शेजारच्या आळीतली एक काकी. मोठ्या आवाजाची, गावात कुणालाही तोंडावर बोलणारी.

"काकी, ही वई तुम्ही उचलता," ताई म्हणाली.

"वाट उचलून नेता येत नाय, म्हणून वई उचलतो," काकी म्हणाली. "ही वाट तुझ्या सासूच्या लग्नाआधीची हाय."

"तुमच्यामागनं बैल येतात."

"त्यांना आमी बोलावणं धाडत नाय."

बाया हसल्या. ताईला राग आला होता, पण ती रात्रभर विचार करून आलेली होती. ती म्हणाली की वाट मी सोडते. एका कडेनं पाणंद ठेवते, टोपली डोक्यावर घेतलेल्या दोन बाया आमनेसामने आल्या तरी जातील एवढी रुंद. पण मग पाणंदीच्या अंगाला नवी वई लागेल आणि तिचे काटे मी एकटी आणणार नाही. जिला या वाटेनं जायचंय, तिच्या घरचा एक भारा.

काकीनं विचारलं, "जागा तुझी जाणार आनि काटे आमचे?"

"व्हय."

"सासूला इचारलंस?"

ताईनं सासूला विचारलेलं नव्हतं.

घरी त्यावरून अबोला झाला. सासूला पट्टा गेल्याचं दुःख होतं, आणि न विचारता गेल्याचं जास्त. ती ताईशी न बोलता माझ्याशी बोले, म्हणजे ताईला ऐकू जाईल अशा आवाजात. "पाव्हणं, तुमच्याकडं वाटा वाटून टाकायची रीत हाय काय?" असं तिनं मला विचारलं. मी पेणला एक काम असल्याचं सांगून निघालो.

पुढच्या आठवड्यात गेलो तर शेताच्या कडेला काट्यांचे भारे येऊन पडले होते. बाया खाडीकडे जाताना एकेक भारा टाकून जात होत्या. काहींनी नवऱ्यांना, मुलांना पाठवून मेढीही तोडून आणल्या होत्या. सगळ्यात मोठा भारा सासूनं आणलेला होता. आपल्याही घरची बाई त्याच वाटेनं जाते, तेव्हा आपल्या घरचा भारा सगळ्यांपेक्षा लहान दिसता कामा नये, एवढंच तिचं स्पष्टीकरण होतं. पाणंदीची नवी वई होऊनही काटे उरले. ते जुन्या वईत जिथं विरळ होतं तिथं भरले, उरलेल्या मेढी जिथं जुन्या हलत होत्या तिथं रोवल्या. शेवटी कुणाचा भारा कुठं आहे हे सांगणं अशक्य झालं. त्यानंतर वई एकदाही फाकली नाही. गुरं पाणंदीतून खाडीकाठच्या गवताकडे जात आणि तशीच परत येत.

वेलांना फळं धरली. नारळाएवढी झाली, मग त्याहून मोठी. ताई फळांखाली पेंढा घालत होती, म्हणजे ती जमिनीला टेकून कुजणार नाहीत. आणि फाल्गुन लागला.

त्या भागात होळीला लाकूड विकत आणत नाहीत आणि मागतही नाहीत. न्यायचं असतं. होळीच्या आधीच्या दिवसांत गावातली तरणी मुलं कुणाच्या कुंपणाचं बांबूचं बेडं, कुणाचा मोडका नांगर, कुणाच्या गोठ्याचं फाटक उचलून आणतात. एकदा होळीच्या ढिगावर पडलेली वस्तू मालकानं परत मागायची नाही, आणि तक्रार तर मुळीच करायची नाही. उलट, ज्याचं काही गेलं नाही तो थोडा खट्टू होतो. या खेळाला नियम एकच. दुसऱ्याच्या घरचं न्यायचं. आपल्या घरचं द्यायचं असतं, त्याची चोरी होत नाही. आणि वाळलेली काट्यांची वई, बांबूच्या काठ्या आणि मेढींसकट, याहून चांगलं होळीचं जळण नाही. एरवी या दिवसांत शिवारात वई उरलेलीच नसे, म्हणून हा प्रश्न कधी आला नव्हता. ताईनं कलिंगडाचा हिशेब केला होता, पण होळी कुठं पडते हे पाहिलं नव्हतं. फळं उतरायला अजून वेळ होता. वई गेली तर मोकळी गुरं एका दुपारीत शेत साफ करणार होती.

सासू पाणंदीत उभी राहून वईकडे पाहत म्हणाली, "होळीला सरपण बांधून ठेवलंस गो."

मुलांचा म्होरक्या त्या मोठ्या आवाजाच्या काकीचाच मुलगा होता. कबड्डीत चढाईला जायचा, त्यामुळे आसपासच्या गावांत नाव होतं. त्यानं भावोजींना दुकानावर सरळ सांगितलं, "दादा, औंदा तुमची वई बघून ठेवलीय." ती थट्टा होती आणि सूचनाही होती. भावोजी शिफ्ट बदलून राखणीला बसायला निघाले. सासूनं अडवलं. होळीत राखण बसली की ती वस्तू हमखास जाते, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. मी पोलिसांत कळवायचं सुचवलं. ताई माझ्याकडे पाहून हसली आणि चहा टाकायला आत गेली. त्या दिवशी ती एवढं एकदाच हसली.

होळीच्या दिवशी दुपार कलती झाल्यावर मुलं आली. कोयते आणि दोर घेऊन, उघड, गप्पा मारत. ताई शेतात वाकून पेंढा सारखा करत होती. मी विहिरीपाशी होतो.

"वयनी, मेढी झ्याक घातल्यात," म्होरक्या म्हणाला. "होळीत शोभतील."

"ज्यांच्या आहेत त्यांना विचारून न्या," ताई म्हणाली.

"होळीचं इचारायचं नसतंय. न्यायचं असतंय."

ताई खाली पाहून पेंढा सारत राहिली. मुलानं एक मेढ हलवून पाहिली. त्याच वेळी पाणंदीतून बाया खाडीवरून परत येत होत्या. डोक्यावर टोपल्या, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. काकी पुढे होती. ती थांबली.

"ती मेढ तुज्या बापानं तोडलीय," ती म्हणाली.

मुलानं हात काढला आणि पुढच्या मेढीला लावला.

"ती आमच्या ह्यांनी," मागची एक बाई म्हणाली. तिचा मुलगाही त्या घोळक्यात होता. त्यानं दोर खांद्यावर घेतला.

म्होरक्यानं मेढ सोडून काट्यांचा एक झुपका कोयत्यानं उचलला.

"आनि तो भारा माजा," काकी म्हणाली. "डोंगरावनं मानेवर आणलेला. सोताच्या घरची चोरी करून होळीत घालशील तर बोंब कुणाच्या नावानं मारशील? माज्या?"

बाया हसल्या, तशी मुलंही हसली. तो एकटा हसला नाही. सगळी वई त्यानं एकदा डोळ्यांनी चालून घेतली. कुणाचा तरी भारा असेल जो त्या घोळक्यातल्या कुणाच्याच घरचा नाही, असा बहुधा तो शोधत होता. सांगता येण्यासारखा एकही नव्हता.

"मंग वयनीचं काय हाय हिच्यात?" त्यानं विचारलं.

"तू उभा हायस ती जागा," काकी म्हणाली.

त्यानं पायाखाली पाहिलं. मग त्यानं उचललेला झुपका जिथला होता तिथं परत दडपला, बुंधा आत, शेंडा बाहेर, आणि घोळक्याला म्हणाला, "चला रं, शाळेकडं बघू." ती गेल्यावर ताई पेंढ्यावरच बसली. बायांना घरी मासे निवडायचे होते, त्या निघून गेल्या.

वई जशीच्या तशी उभी राहिली. ताईच्या घराला मात्र सोडलं नाही. परसातली मोडकी बाज त्या होळीत गेली. सासूनं ती ढिगाच्या वरच्या बाजूला ओळखली, आणि आमचंही काही तरी घेतलं, असं शेजारणीला समाधानानं सांगितलं.

पाडवा आला तेव्हा कलिंगडं उतरत होती. ताई बोटानं ठोकून पाही, कान लावी, आणि जे पिकलं असेल त्याचाच देठ कापी. रस्त्याला टेम्पो उभा होता, एक खेप रोह्याला, एक पेणला जायची होती. शेतातून रस्त्यापर्यंत फळं न्यायला त्याच बाया आल्या होत्या, त्याच टोपल्या घेऊन. भावोजींनी रजा टाकली होती. ते टेम्पोत उभे राहून फळं पेंढ्यात रचत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून एक फळ कापून दाखवत होते. आत लाल होतं, गर्द, कडेपर्यंत. त्यांनी कुणालाही, हे ताईनं केलं, असं सांगितलं नाही. आमच्या शेतातलं आहे, असं सांगत होते. "आमच्या" वर जोर होता.

त्या सकाळी ते मुंबईचे गृहस्थ आले. बरोबर मोजणीचा टेप घेतलेला एक माणूस होता. ते पाणंदीतून आत आले, शेत पाहिलं आणि चांगलं दिसतंय म्हणाले. मग मागे वळून पाणंदीकडे पाहिलं. ही वाट आधी नव्हती, ती बंद करावी लागेल, असं त्यांनी भावोजींना सांगितलं. भावोजींनी आईकडे पाहिलं.

सासू कलिंगडांच्या ढिगापाशी बसली होती. उठली नाही.

"ती गावाची वाट हाय," ती म्हणाली. "आनि ही माजी जमीन हाय. इकायची नाय."

गृहस्थांनी बोलणी झाल्याची आठवण करून दिली. सासूनं ते कबूल केलं. बोलणी पिकाआधीची होती, असं तिनं सांगितलं, आणि समोरच्या ढिगावर हात ठेवला. आकडा वाढवायची त्यांची तयारी होती. तिनं तो ऐकून घेतला नाही. ढिगातलं एक मोठं फळ निवडलं, ठोकलं, ताईला पुन्हा ठोकून बघायला लावलं आणि ताईनं मान हलवल्यावर त्यांच्या हातात दिलं. आत लाल निघालं नाही तर परत आणा, असंही सांगितलं.

फळ पोटाशी धरून ते पाणंदीतून परत निघाले. समोरून रिकाम्या टोपल्या घेऊन बाया येत होत्या, मागून भरलेल्या टोपल्या जात होत्या, आणि कुणी थांबत नव्हतं. त्यांनी अंग चोरलं. सदऱ्याची बाही करवंदीच्या फांदीत अडकली. दोन्ही हात कलिंगडात गुंतलेले असल्यामुळे त्यांना ती सोडवता येईना.

काकी टोपली खाली ठेवून जवळ गेली.

"हलू नका सायेब," ती म्हणाली. "वढलं की फाटतं." आणि दुबेळक्या काठीनं तिनं ती फांदी अलगद बाजूला केली.